वहिनीनं नाव घेतलं

“काशिनाथ!” वहिनी ओरडली. “काशिनाथ, मी हाये! हितं खाली, टाक्यात हाये!”

माझ्या भावाचं नाव तिच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. टाकं आतून खोलीएवढं रुंद होतं, कातळात कोरलेलं, दगडी खांबांचं, आणि वर फक्त एक चौकोनी तोंड. ते नाव खांबाखांबांवर आपटत फिरलं आणि वर गेलं. वर माणसं होती. सकाळचं ऊन तिरपं होतं, त्यामुळं त्यांच्या सावल्या तोंडावरून आत पाण्यावर पडल्या होत्या. माणसं लांब उभी होती, सावल्या तेवढ्या आमच्यापर्यंत आल्या होत्या. मघापासून त्यांची कुजबूज चालली होती, ती एकदम थांबली.

मग माझ्या बाचा आवाज आला. “आयकलंस?”

“आयकलं,” दादा म्हणाला.

“सूनबाईचाच आवाज हाय रं.”

“आवाज तिचाच हाय. पन ती नाय. माजी बायको मेली तरी माजं नाव घ्यायची नाय.”

कुणीतरी तिसरं म्हणालं, “ओ देऊ नका. कुनीबी ओ देऊ नका. तोंड फिरवा आन चला.” पाण्यावरच्या सावल्या हलल्या, एकात एक मिसळल्या आणि निघून गेल्या. वाळलेल्या गवतावरून पावलं गेलेली ऐकू आली. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. बाला हाक मारली, दादाला मारली, काकाला मारली. पावलं आणखी भराभर गेली.

वहिनीनं माझ्याकडं बघितलं. “वन्सं, गेले?”

“गेले.”

“मी नाव घेतलं तरी?”

“नाव घेतलंस म्हणूनच,” मी म्हटलं. मी दहा-बारा वर्षांची होते, पण एवढं मला कळत होतं.

आता सगळं सांगते. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तेव्हा जसं येईल तसं लिहिणार. आमचं गाव चामटोलीच्या पुढं, डोंगराच्या अंगाला. गावामागच्या डोंगरावर जुना गड. त्याचं नाव पुस्तकात असेल, आमच्यात ते घेत नसत. नुसतं ‘वर’ म्हणायचे. “गुरं वर गेली,” असं कुणी म्हटलं की म्हाताऱ्या कानावर हात ठेवायच्या. वर काही उरलेलं नव्हतं. अर्धा पडलेला दरवाजा, तटाचे दोन तुकडे, आणि ते कातळातलं टाकं. टाक्यात आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया, राहतात म्हणायचे. त्या पाण्यात माणूस ओढतात, आणि ओढला की त्याचा आवाज घेतात. मग त्याच आवाजात त्याच्या घरच्यांना हाका मारतात. म्हणून वर गेलं तर कुणाला नावानं बोलवायचं नाही, कुणी बोलावलं तर ओ द्यायची नाही, आणि टाक्यात डोकावून बघायचं नाही, पाण्यात आपलं तोंड दिसलं की संपलं. आम्हाला हे चालायला शिकवतात तसं शिकवलेलं होतं. त्याच्यावर विश्वास आहे का, असं कुणी कधी विचारलं नाही. विस्तव भाजतो ह्यावर विश्वास आहे का, असं कोण विचारतं?

माझा नातू परवा मोबाईलवर त्याच गडाचा व्हिडिओ दाखवत होता. दर रविवारी पोरंपोरी वर जातात आता, पाठीला पिशव्या लावून. व्हिडिओत एक पोरगा टाक्याच्या तोंडाशी बसून बारीक आवाजात सांगत होता की इथं एका बाईचा आवाज येतो. मागं कसलंसं संगीत. नातू म्हणाला, “आजी, हॉन्टेड आहे ना हा? तुमच्या गावचाच ना?” मी म्हटलं, “ते बंद कर आणि जेव.” पण त्यानंतर मला राहवेना, म्हणून लिहायला बसले.

वहिनी देशावरची, माळशेज घाटाच्या पलीकडची. दादा उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये एका सिंधी शेटच्या फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशवाला होता. तिथं त्याच्या जोडीला काम करणाऱ्या माणसानं आपल्या गावची मुलगी सुचवली आणि लग्न ठरलं. आमच्याकडं घाटावरची सून कुणी केलेली नव्हती. बायका बघायला यायच्या, जशी नवीन म्हैस बघायला येतात. ती सावळी, उंच, हातापायानं दणकट. लुगडं आमच्यापेक्षा वेगळं नेसायची, घोट्यापर्यंत. आई म्हणायची, “चिखलात लावनीला उतरंल तवा कलंल हिला, लुगडं कुटपर्यंत नेसायचं ते.”

घर आमचं कारवीच्या कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या विणायच्या, वरून शेण-माती लिंपायची. भिंतीतून वारा यायचा आणि शेजारच्या खोलीतलं बोलणंही यायचं. वहिनी आली आणि घरातले आवाज बदलले. आमची भाकरी तांदळाची. पीठ उकडून, मळून, ओल्या हातानं गुपचूप पसरवायची. वहिनीला ते जमेना. तिची भाकरी तव्यात गेली की चिरायची. ती तिच्या सवयीनं जोरजोरात थापायची, बांगड्यांसकट, भिंतीपलीकडं झोपलेला बा उठून बसायचा. आई म्हणायची, “अगं, भाकरी करतेस का कुनाला मारतेस?” सुकट भाजायला घेतली की वहिनी नाकाला पदर लावून अंगणात जायची. एकदा तिच्या माहेराहून कुणाच्या तरी हाती बाजरी आली. तिनं पहाटे जात्यावर दळली आणि सगळ्यांना भाकऱ्या घातल्या. बानं एक घास खाल्ला आणि म्हणाला, “गुरांना घालतात तसं लागतंय.” मग त्यानं तीन खाल्ल्या. वहिनी चुलीकडं तोंड करून हसत होती, मी बघितलं. घरात तिला हसताना मी चार-पाच वेळाच बघितलं असेल.

आणि नाव. लग्नात वरात दारात आली तेव्हा बायकांनी वाट अडवली. नाव घे, मगच आत ये. सगळ्या सुना एखादा उखाणा म्हणून मोकळ्या होतात. वहिनीनं तोंड उघडलं नाही. ऊन डोक्यावर आलं, वऱ्हाडी भुकेले, तरी गप्प. तिच्या माहेरच्या बाईनं कानात उखाणा सांगितला, तरी गप्प. शेवटी आईनंच सगळ्यांना बाजूला सारलं. वर गावभर सांगितलं, “बाजारात भाजी वरडावी तसा नवऱ्याचा नाव वरडनाऱ्या बायका लय बघितल्या. माज्या सुनेच्या तोंडातून एक अक्षर नाय निघाला.” दादालाही त्याचा मोठा अभिमान. कारखान्यात सगळ्यांना सांगायचा. घरी दोन हातांवर बसलेला असला तरी वहिनी मलाच म्हणायची, “वन्सं, तुमच्या दादांना सांगा, वाढलंय.” दादा म्हणायचा, “ठके, तिला सांग, येतो.” मी मधे बसून दोघांकडं बघायचे. तिच्या माहेरी लाल भोपळ्याला काशीफळ म्हणत. लग्नानंतर ती भोपळ्याला ‘ते लाल’ म्हणायला लागली. कारण काय, तर त्यात नवऱ्याचं नाव येतं. मला मजा वाटायची. मी मुद्दाम विचारायचे, “वहिनी, म्हाताऱ्या मरायच्या आधी कुठल्या गावाला जातात गं?” ती म्हणायची, “जातात गंगेकडं कुठंतरी. तुम्ही लय वांड हाय, वन्सं.”

आज कुणी असं वागत नाही. माझी नातसून नवऱ्याला नावानं बोलावते, मधूनमधून मूर्खही म्हणते, आणि तो हसतो. बरं आहे.

त्या वर्षी वैशाखात गावची विहीर तळाला गेली. डोंगराच्या पायथ्याशी एक झरा होता. त्याच्या खळग्यात वाटीनं पाणी भरून हंड्यात ओतायचं, मग पुन्हा पाझरेपर्यंत वाट बघायची. बायका पहाटेपासून नंबर लावून बसायच्या आणि भांडायच्या. शनिवारी दादा कारखान्यातून घरी यायचा. त्या शनिवारी वहिनी आणि मी झऱ्यावर गेलो, तर पुढं सात-आठ जणी. ऊन चढलं तरी आमचा नंबर लागेना. वहिनीला घाई. दादा आठवडाभर पॉलिशच्या वासात असायचा, घरी आला की आधी आंघोळ करायचा, आणि घरात तोंड धुण्यापुरतंही पाणी नव्हतं.

आमच्यापुढच्या बाईला ती म्हणाली, “आक्का, येवढा एक हंडा भरू द्या. ह्यांना आंगूळीला पायजे.”

ती बाई फटकळ. “तुज्या ह्यांना सांग कॅम्पातनं आंगूल करून ये. आमच्या पोरांना पेयाला नाय.”

बाकीच्या हसल्या. वहिनीनं हंडा उचलला, मी कळशी. वाटेवर आल्यावर मला म्हणाली, “वन्सं, वर टाकं हाये म्हणतात ना?”

मी म्हटलं, “वर जायाचं नाय.”

“आमच्याकडं गडावर पोरं गुरं चारत्यात. सयपाक करून खात्यात. आसरा आमच्याबी विहिरीला हायेत. त्यांची वटी भरली की त्या काय करत न्हाईत.” तिनं हंडा डोक्यावरून कमरेवर घेतला. “तुम्ही जा घरी. मी आलेच.”

तिला वाट माहीत नव्हती. मी तिला एकटीला पाठवू शकले नसते, आणि खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं. आम्ही गेलो. कुणाला सांगून गेलो नाही. कारण सांगितलं असतं तर जाऊ दिलं नसतं. चढण अंगावर येणारी, गवत वाळून पिवळं, पायाखालचे दगड तापलेले. पडक्या दरवाजातून आत शिरलो. भुताचं तर सोडाच, तिथं एक पाखरू नव्हतं. वहिनी मोठ्यानं म्हणाली, “हे व्हय तुमचं वर? आमच्याकडं ह्याला माळ म्हणत्यात.” मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

टाक्याच्या तोंडापासून पायऱ्या कोरलेल्या होत्या. पण चार पायऱ्यांनंतर कातळ तुटलेला. तिथून खाली एक खाचा पाडलेला ओंडका उभा केलेला होता, कोण जाणे कुणी आणि कधी. पाणी खूप खाली होतं, पण होतं. काळं, गार, भरपूर. वहिनीनं लुगडं वर खोचलं. म्हणाली, “बघा आता, आमची पद्धत ती तुमची पद्धत झाली.” हंडा वर ठेवून, कळशी घेऊन ती ओंडक्यावर उतरली. ओंडका आतून कुजलेला होता. मोडल्याचा आवाजही फार झाला नाही. ती एकदम दिसेनाशी झाली, मग कळशी दगडावर वाजली.

मी तोंडाशी पालथी पडून बघितलं. टाक्यात डोकावू नये, हे तेव्हा आठवलं नाही. ती पाण्यात तोंडावर पडलेली होती आणि हलत नव्हती. मी गावाकडं पळत गेले असते तर ती तोपर्यंत बुडून मेली असती. पायऱ्यांवरून उतरले आणि उरलेलं अंतर उडी टाकली. पाणी माझ्या छातीइतकं. तिला उलटी केली, ओढत एका खांबाजवळच्या कट्ट्याला टेकवली. ती खोकली, ओकली, मग ओरडली. उजवी मांडी मधेच वाकलेली होती. मांडी मधे वाकत नसते.

वर चढायचा मी किती वेळा प्रयत्न केला त्याला हिशेब नाही. तुटलेली पायरी माझ्या हातापासून दीड पुरुष उंच होती आणि कातळ शेवाळानं गुळगुळीत. बोटांची नखं गेली. वहिनी म्हणायची, “वन्सं, बसा आता. कुणीतरी येईल.” ती देशावरची, तिला वाटत होतं कुणीतरी येईल. मला माहीत होतं. माणसं येतील, ऐकतील, आणि परत जातील. मी हे तिला सांगितलं नाही. रात्रभर आम्ही एकमेकींना धरून बसलो. पाणी कट्ट्यापर्यंत होतं, तिचा पाय पाण्यातच ठेवावा लागत होता. तिच्या अंगात ताप भरला. तिनं मला तिच्या माहेरचं नाव सांगितलं, सगुणा. आमच्यात आल्यावर तिचं सुमन केलं होतं. सगुणा म्हणून हाक मारणारं आता कुणी नाही, म्हणाली. मी दोन वेळा मारली. तिनं दोन वेळा ओ दिली.

सकाळी माणसं आली. झऱ्यावरच्या बायकांनी सांगितलं असणार की आम्ही कुठल्या वाटेनं गेलो. वर त्यांना आमचा हंडा दिसला, तोंडाशी एकटाच ठेवलेला. त्यांच्या लेखी तिथंच सगळं ठरलं. मी ओरडायला लागले तसे ते मागं सरकले. मी बाला सांगत होते, मी ठकी, मी जिवंत, वहिनीचा पाय मोडलाय, दोर सोडा. मी सांगितलं म्हैस कुठल्या दिवशी व्यायली, सांगितलं तुझ्या अंगावर कुठं डाग आहे. जेवढं जास्त सांगत होते तेवढे ते जास्त घाबरत होते. आसरांना सगळं माहीत असतं. मी शिव्यासुद्धा दिल्या, भुताला शिव्या सहन होत नाहीत म्हणून. बापाला दिल्या. बा रडायला लागलेला ऐकू आला. तेव्हा वहिनीनं मला गप्प केलं. तिनं खांबाला धरून स्वतःला थोडं उचललं, पदर डोक्यावर घेतला. त्या अंधारात, तसल्या पायानं, तिनं पदर डोक्यावर घेतला. आणि नाव घेतलं.

तिला वाटलं, जे ती कधीच करत नाही ते केलं तर त्याला कळेल की वेळ कसली आहे. त्याला वाटलं, जे ती कधीच करत नाही ते केलं म्हणजे ती नाही. दोघंही आपापल्या जागी शहाणीच होती.

पुढं कितीतरी वर्षांनी गावातली एक म्हातारी मला म्हणाली, “उखान्यात घेतला असता तर चालला असता गं. मग वलखला असता त्यानं.” मी म्हटलं, मांडी मोडलेली, ताप भरलेला, पाय पाण्यात, आणि तिनं यमक जुळवायचं होतं. म्हातारी म्हणाली, “तसा नाय, पन चालला असता.”

ते गेले ते भगताला आणायला गेले. दुपार गेली. वहिनीला थंडी वाजत होती आणि अंग विस्तवासारखं. मधेच ती घाटावर असायची. कुणाला तरी सांगायची, बैल सोड, ऊन झालंय. मधेच शुद्धीवर यायची आणि विचारायची, “त्यांना राग आला असंल का हो?” मी म्हणायचे, नाही. ती म्हणायची, “चारचौघात घेतलं. त्यांचं तोंड खाली गेलं असंल.” मरताना बाईला ह्याची काळजी. मी तेव्हा रडत होते, आता मला चीड येते. तिच्यावर नाही. कुणावर ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

उन्हं कलली तेव्हा वर घंटी वाजली. भगत आला होता. वाडीवरचा, आमच्या सगळ्या गावाचा भगत तोच. मी त्याला दोष देत नाही, त्याला ज्या कामाला बोलावलं ते त्यानं नीट केलं. त्यानं आसरांना विनवलं की पोरी घेतल्या त्या घेतल्या, आता गावाच्या मागं लागू नका. मी ओरडले की तो घंटी जोरात वाजवायचा. मग त्यांनी आसरांची ओटी टाक्यात सोडली. तोंड दुसरीकडं करून, हात मागं करून. हिरवा खण पाण्यावर पडला, बांगड्या दगडावर फुटल्या, हळद-कुंकू उडालं, तांदूळ आमच्या डोक्यावर पडले. नारळ माझ्या खांद्याला लागून पाण्यात गेला. शेवटी एक कोंबडा, जिवंत, पाय बांधलेला. तो पंख फडफडवत पडला आणि कट्ट्यावर येऊन बसला, आमच्याशेजारी, ओला, आमच्याइतकाच घाबरलेला.

मी नारळ खांबावर आपटून फोडला. अंगावरचे तांदूळ वेचून खाल्ले. वहिनीच्या तोंडात खोबऱ्याचा तुकडा चावून घातला, तो तिच्या तोंडातच राहिला. हिरवा खण तिच्या अंगावर टाकला. ती माझ्याकडं बघत म्हणाली, “वटी कुणाची भरली?” मी म्हटलं, “आपली.” तिला हसू आलं असं मला वाटलं. नसेलही. त्यानंतर ती बोलली नाही. अंधार पडायच्या आत गेली. मला लगेच कळलं नाही. तिचं अंग तापलेलं होतं, ते निवायला लागलं तेव्हा मला वाटलं, ताप उतरला. मला बरं वाटलं.

पुढं काय झालं ते मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी तिला धरूनच बसले होते, म्हणजे पाण्यात घसरू नये म्हणून. सकाळ झाली, कोंबडा आरवला. त्या टाक्यात कोंबडा आरवला की कान फुटायची वेळ. आणि वरून आईचा आवाज आला.

“ठके!”

वर कुणी नाव घेत नाही. मला वाटलं, आता आसराच बोलावताहेत, माझ्या आईच्या आवाजात. मी ओ दिली नाही. एवढं सगळं होऊनसुद्धा मी ओ दिली नाही.

“ठके, मी आय. ओ दे.”

मग तोंडाशी आईचं डोकं दिसलं. ती पालथी पडून आत बघत होती. बायांना वर येऊ देत नव्हते, ती कुणाला न सांगता पहाटे एकटी आली होती. मागोमाग बा आणि दोघेतिघे धावत आले, तिला मागं ओढायला. भगतानं सांगितलं होतं की काम झालंय, आता कुणी फिरकायचं नाही.

“सोड मला,” आई बाला म्हणाली.

“अगं, ती ठकी नाय. भूत हाय ते.”

“भूत असंल तर माजंच भूत हाय. मी जन्माला घातलाय. दोर आन.”

“आन सूनबाईचा काय?”

आई खाली बघत म्हणाली, “ठके, वयनी?”

मी म्हटलं, “मेली.”

दादा त्या माणसांत मागं उभा होता, ते मला वर आल्यावर कळलं. त्यानं तो शब्द ऐकला.

दोर आला. खाली उतरायला कुणी तयार नव्हतं. आईनं दोराला फास करून सोडला, मी काखेतून घातला, आणि बा, काका आणि आई ह्यांनी मला ओढलं. कातळावर माझी पाठ सोलून निघाली. वर आले तेव्हा काका माझ्या पायांकडं बघत होता, पाय सरळ आहेत का उलटे ते. आईनं मला लुगड्यात गुंडाळलं आणि माझ्या थोबाडीत एक ठेवून दिली. दादा माझ्याजवळ आला नाही. तो टाक्याच्या तोंडाशी जाऊन बसला. एकदा त्यानं आत हाक मारली. “आगं,” एवढंच म्हणाला. त्यानंही तिचं नाव कधी घेतलेलं नव्हतं.

वहिनीला वाडीवरच्या कातकऱ्यांनी वर काढलं. तिची आई घाट उतरून आली, तोवर सगळं आटोपलं होतं. तिला आम्ही सांगितलं की पाय घसरून गेली. ती ओट्यावर बसली. माझी आई तांब्या घेऊन गेली. तिनं पाणी घेतलं नाही. उठली आणि आल्या वाटेनं गेली. मला आजही त्या बाईचा चेहरा आठवत नाही, तिनं न घेतलेला तांब्या आठवतो.

दादा त्यानंतर कॅम्प दोनलाच राहिला, सणालासुद्धा क्वचित यायचा. दोन वर्षांनी दुसरं लग्न केलं, पोरं झाली, पुष्कळ जगला. त्या सकाळबद्दल तो माझ्याशी बोलला नाही आणि मी विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं? त्याला काय वाटलं ते मी खालून ऐकलंच होतं.

आता मी बदलापूरला मांजर्लीत राहते, मुलाकडं, दुसऱ्या मजल्यावर. मागं एका पावसाळ्यात नदी चढली आणि खालचा मजला पाण्यात गेला. बायका खिडक्यांतून ओरडत होत्या, अंधार, लाईट गेलेले. समोरच्या बिल्डिंगमधली पोरं ट्यूब आणि दोर घेऊन आली. कोण ओरडतंय, कुणाची कोण, कुणी विचारलं नाही. “काकू, हात द्या,” म्हणाले, बस. मी खिडकीत उभी राहून बघत होते. सुनेला वाटलं मी पाण्याला घाबरले.

त्या टाक्यात आम्ही दोघी उतरलो. ती वीस वर्षांची होती, सगुणा. तिची वर्षं तिथंच संपली. मी वर आले आणि अजून आहे.